व्याह्यांच्या मागे एकवीस किलोमीटर

देवपूर, धुळे
३ ऑक्टोबर १९८७

चि. पुष्पास,
नानाचे अनेक आशीर्वाद आणि नानाच्या दुखऱ्या पोटऱ्यांचा वेगळा नमस्कार.

तू जळगावहून पाठवलेला सरावाचा तक्ता पोचला. मी तो कॅलेंडरच्या शेजारी खिळा ठोकून लावला. तुझ्या काकूने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि यात दळण आणायचा वार कुठला, एवढंच विचारलं. पांझरेच्या काठाने रोज पहाटे पळतो. आधी कुत्री मागे लागत, आता ती मान वर करून बघतात आणि पुन्हा झोपतात. ही प्रगतीच म्हणायची.

तक्ता चांगला आहे, पण त्यातलं एक घर मला मुळीच पटलेलं नाही. पंधरा नोव्हेंबरच्या घरात तू अर्धी मॅरेथॉन, दोंडाईचा असं लिहिलं आहेस. अगं, मी डिसेंबरात पुण्याला पूर्ण मॅरेथॉन पळायला निघालोय आणि तू मला मध्येच अर्धी काय पळायला लावतेस? मी एसटीतला वाहतूक नियंत्रक. आमच्याकडे अर्धं तिकीट बारा वर्षांच्या आतल्या पोरांना मिळतं. माझी पन्नाशी आली.

खरं सांगू का, मला अर्ध्याचा कंटाळा आलाय. पेटी शिकायला घेतली, ती दोन रागांवर राहिली. होमिओपॅथीचा अभ्यासक्रम अर्धा झाला. परसातली भिंत कमरेएवढी होऊन थांबली, तिच्यावर आता काकू गोधड्या वाळवते. मी पुण्याला पळणार म्हटल्यावर ती हसली नाही, नुसती भिंतीकडे बघून आत गेली. पुष्पे, तेव्हा मला फार लागलं. एक तरी गोष्ट मला शेवटापर्यंत न्यायची आहे.

दुसरं म्हणजे दोंडाईचा हे आपल्या प्रमिलाचं सासर, आणि त्या शर्यतीच्या समितीचे अध्यक्ष आपले व्याही तोतारामशेठ. लग्नातला प्रकार तू डोळ्यांनी पाहिलास. मी स्वयंपाक बघायच्या घाईत मांडवाच्या दारातून त्यांच्या आधी आत शिरलो, तर ते जानवसघरी परत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. टोपी-उपरण्याचा मान दुसऱ्यांदा करावा लागला, वरण तिसऱ्यांदा गरम करावं लागलं. त्या गावात मला पुन्हा घाईने जायचं नाही. तेव्हा ते घर तेवढं खोडून पाठव.

कळावे. लोभ असावा, तो मात्र अर्धा नको.

तुझा,
सुकदेव नाना

*

जळगाव
९ ऑक्टोबर १९८७

ती. स्व. नानांस,
पुष्पाचा सा. न. वि. वि.

घर खोडणार नाही. तुम्ही खोडलंत तर मला काकूंकडून कळेलच.

नाना, नाटकवाले पहिला प्रयोग करण्याआधी रंगीत तालीम करतात की नाही? अर्धी मॅरेथॉन ही तुमची तालीम आहे. पुण्याला जे बूट घालणार तेच दोंडाईच्याला घालायचे. सकाळी जे खाऊन पळणार तेच तिथे खायचं. पळता पळता पाणी कसं प्यायचं, गर्दीत पाय कसे सांभाळायचे, सगळं आधी करून बघायचं. बूट चावणार असेल तर तो दोंडाईच्याला चावू दे, पुण्याला नको. आम्हाला पळायला शिकवणाऱ्या पाटील सरांनीही तारीख बघून पसंत केली. शर्यतीनंतर पाय ताजे व्हायला तीन आठवडे मिळतात.

पण एक अट आहे आणि ती मी ठळक लिहिते. ही अर्धी जिंकायची नाही. सुरुवातीचा मोठा भाग शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळायचा, आणि शेवटच्या भागात पुण्याचा वेग धरायचा, त्याहून जास्त नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. पुढे कोणी दिसलं की तुम्हाला एसटी चुकल्यासारखं होतं. तिथे सगळी ताकद घालवलीत तर पुण्याला रिकामे पाय घेऊन जाल आणि ती भिंत कमरेएवढीच राहील.

व्याह्यांचं काय घेऊन बसलात? ते अध्यक्ष आहेत, म्हणजे मांडवात खुर्चीवर बसणार. तुम्ही रस्त्यावर. पुढे-मागे जाण्याचा प्रश्न येतोच कुठे?

काकूंना नमस्कार. दळण रविवार सोडून कुठल्याही वारी चालेल, रविवारी लांबचं पळणं आहे.

क. लो. अ. आणि गुडघ्यांचाही लोभ असू द्यावा.

आपली,
पुष्पा

*

देवपूर, धुळे
२० ऑक्टोबर १९८७

चि. पुष्पास,
नानाचे घाबरेघुबरे आशीर्वाद.

प्रश्न आला. तोतारामशेठ पळणार आहेत.

प्रमिलाचं पत्र आलंय. मी नाव दिल्याचं त्यांना समितीत कळलं. मुलीचा बाप पळणार आणि मुलाचा बाप खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार, हे त्यांना पटेना. त्यांनी शिंप्याकडून खाकी अर्धी चड्डी शिवून घेतली. रोज भिजवलेले बदाम खातात आणि संध्याकाळी मिरचीच्या वखारीभोवती पळतात. हमाल पोती खाली ठेवून रस्ता देतात. तरुणपणी ते कबड्डीत गाजलेले होते म्हणे, पण त्याला आता तीस वर्षं आणि तितकेच किलो झाले.

इकडे तुझ्या काकूने मला देवघरात कानबाईसमोर उभं केलं आणि व्याह्यांच्या पुढे एक पाऊलही टाकणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. तिचंही खरं आहे. प्रमिलाला त्या घरात जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. बापाच्या पायांपायी लेकीला टोमणे ऐकायला लागू नयेत, असं ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शपथ घेऊन टाकली.

खरं तर तुझी अट मोडून जोरात पळायचं माझ्या मनात होतं. स्टँडवर मी मोठ्या तोंडाने सांगूनही ठेवलंय. आता जोरात नाही, सावकाश नाही, काहीच माझ्या हातात राहिलेलं नाही. तुझ्या तक्त्यात व्याही कुठे बसतात ते कळव.

कळावे. लोभ असावा, आणि उत्तर लवकर असावे.

तुझा,
नाना

*

जळगाव
२६ ऑक्टोबर १९८७

ती. स्व. नानांस,
सा. न. वि. वि. आणि हसू आवरून वि. वि.

यापेक्षा चांगलं काय हवं होतं? तुम्हाला सावकाश पळवायला मी तक्ते लिहून थकले, ते काम तोतारामशेठ फुकटात करणार. तुम्ही सगळ्यांच्या मागे उभे राहा. कबड्डीवाला माणूस सुरुवातीला जोरात सुटणार, तो कुठच्या कुठे जाईल. तुम्ही मागून गप्पांच्या वेगाने या. पुढे ते दमून शर्यतीच्या मागून येणाऱ्या जीपमध्ये बसतील, आणि जीपमध्ये बसलेला माणूस शर्यतीत धरत नाहीत. मग शेवटचा भाग तुमचा. शपथ मोडली नाही, तक्ताही पाळला गेला.

आधीचा आठवडा हलका ठेवा. तिथे प्रमिलाताईच्या घरी आग्रह होईल, पण रात्री शेवभाजीला हात लावू नका. दोंडाईच्याची मिरची पोटात घेऊन पळाल तर माझ्या सांगण्यापेक्षा जोरात पळाल.

क. लो. अ., शेवभाजीवरचा लोभ तेवढा आवरावा.

आपली,
पुष्पा

*

देवपूर, धुळे
१७ नोव्हेंबर १९८७

चि. पुष्पास,
नानाचे बसून लिहिलेले आशीर्वाद. उभं राहवत नाही.

शर्यत झाली. मी शेवटचा आलो. शेवटून दुसरे तोतारामशेठ.

सगळं सुरुवातीपासून सांगतो. शिंदखेड्याहून सकाळी सुटलो. तू म्हणालीस तसा मी मागे उभा राहिलो. शेठ पांढरा बनियन, खाकी चड्डी आणि डोक्यावर टोपी घालून सगळ्यांत पुढे होते. शिट्टी वाजली तसे ते सुटले ते दिसेनासेच झाले. मी मनात तुझं कौतुक केलं आणि एका बँकेतल्या कारकुनाशी गप्पा मारत निघालो.

पहिल्या चढालाच शेठ दिसले. चालत होते. कमरेवर हात, टोपी हातात. कारकून त्यांना ओलांडून निघून गेला, अख्खं गाव त्यांना ओलांडून गेलं, शाळेतली पोरं ओलांडून गेली. मी त्यांच्या मागे चार हातांवर थांबलो. त्यांनी वळून पाहिलं, मी हात जोडले. त्यांना बरं वाटलं, ते पुन्हा पळायला लागले आणि पुढच्या बाभळीपाशी पुन्हा चालायला लागले.

आता मी करू काय? चाललो तर तुझी तालीम बुडते, पळालो तर शपथ मोडते. शेवटी मला एक युक्ती सुचली. मी मागे फिरलो, शंभरेक पावलं शिंदखेड्याच्या दिशेने पळालो आणि तिथून वळून पुन्हा त्यांच्यापर्यंत पळत आलो. परत मागे, परत पुढे. सगळा रस्ता मी असाच केला. कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून बांधावर आल्या आणि भाऊ, काही पडलं का, म्हणून विचारायला लागल्या. एकीने तर माझ्याबरोबर थोडं शोधलंही.

विखरणला तिथल्या मंडळींनी अध्यक्षांसाठी खाट टाकून ठेवली होती. शेठ बसले. बसा हो याही, चहा पी ल्या, असं मलाही म्हणाले. बसलो असतो तर पाय आखडले असते, म्हणून कप हातात घेऊन मी खाटेभोवती पळत राहिलो. अर्धा चहा सदऱ्यावर गेला. पळताना प्यायची तालीम मात्र झाली. तिथे मी त्यांना जीप सुचवून पाहिली. तर ते म्हणाले, की बठ्ठा गाव वाट देखी राह्यना, सगळे डोळे लावून बसलेत, जीपमधून उतरून तोंड कसं दाखवू. त्यांचा चेहरा बघून मला त्यांची दया आली. हा माणूस माझ्यामुळे पळत होता आणि मी त्यांच्यामुळे पळत नव्हतो.

गाव दिसायला लागलं तशी त्यांच्या पोटरीत गोळा आला. मी रस्त्यात बसून त्यांचा पाय चोळला, माझं लिंबूपाणी त्यांना दिलं. बक्षिसं वाटून मंडळी घरी गेली होती, पण बँडवाले अध्यक्षांसाठी थांबवले होते. शेठ शेवटची पट्टी ओलांडून गेले, बँड वाजला. मी मागून गेलो तोवर बँडवाले ताशा पोत्यात भरत होते. प्रमिला ओट्यावर उभी होती. ती माझ्याकडे बघून हसली नाही आणि रडलीही नाही, पदराचं टोक चावत उभी राहिली.

शपथ पाळली, पण तुझी अर्धी मॅरेथॉन मी वाया घालवली. पुण्याला जाऊ की नको ते तूच सांग. नको म्हणालीस तरी मी काही म्हणणार नाही. भिंत आहेच.

लोभ असू दे, मी शेवटचा आलो तरी.

तुझा,
नाना

*

जळगाव
२१ नोव्हेंबर १९८७

ती. स्व. नानांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी मी खूप चिडले. तालमीला पाठवलं आणि तुम्ही वरातीला जाऊन आलात. रागाच्या भरात मी ते पाटील सरांपुढे ठेवलं. सर ते वाचून इतके हसले, की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी कागद घेतला आणि शांतपणे विचारलं, की हा गृहस्थ दर वेळी मागे जाऊन पुन्हा पुढे येत होता, तर एकूण पळाला किती?

नाना, तुम्ही अर्धी मॅरेथॉन पळालाच नाहीत. तुम्ही तिच्याहून कितीतरी जास्त पळालात. मी तुम्हाला जेवढं पळू द्यायला भीत होते, तेवढं तुम्ही उन्हात, चहा पीत, हात जोडत पळालात, आणि दोन दिवसांनी नुसते पाय दुखताहेत! सर म्हणाले की एवढं लांब या वेळेला मी मुद्दाम कधीच सांगितलं नसतं, पण झालंच आहे तर या माणसाला आता पुण्याला जाऊ द्या.

तेव्हा जायचं. आठवडाभर नुसतं फिरायचं, मग शर्यतीपर्यंत हलकं पळायचं. भिंतीचं नाव माझ्यापुढे पुन्हा काढायचं नाही. पुण्याला तुमच्यापुढे कोणी व्याही नसतील, मोकळा रस्ता आहे.

क. लो. अ. आणि या वेळी फक्त पुढच्या दिशेने असावा.

आपली,
पुष्पा

*

देवपूर, धुळे
२७ नोव्हेंबर १९८७

चि. पुष्पास,
नानाचे आशीर्वाद.

तोतारामशेठ पुण्याला येताहेत.

काल स्टँडवर दोंडाईच्याच्या गाडीतून त्यांचा माणूस निरोप घेऊन आला. सुकदेवरावांनी माझ्यासाठी एवढं केलं, मी त्यांना पुण्याला एकटं कसं सोडू, बरोबरच जाऊ, असा निरोप आहे. किती प्रेमाने सांगितलंय बघ. मला रडू यायचं तेवढं राहिलं. खाकी चड्डी धुऊन वाळत घातल्याचंही त्याच माणसाने सांगितलं.

तुझ्या काकूशी बोललो. शपथ दोंडाईच्यापुरतीच होती, असा मी मुद्दा काढून पाहिला. कानबाई पुण्यालाही बघते, असं ती म्हणाली. पण पुष्पे, या वेळी तिने भाकरी थापता थापता हात थांबवला आणि म्हणाली, की तुम्ही ती पळापळ खरोखर शेवटाला न्याल असं मला आता वाटायला लागलं होतं. इतक्या वर्षांत ती असं पहिल्यांदाच म्हणाली, आणि नेमकं आताच.

ते चालले तर मला चालावं लागेल. ते बसले तर मला बसावं लागेल. पुण्यात मागे-पुढे करत मॅरेथॉनच्या दुप्पट पळायची माझी ताकद नाही. मी नकार कळवणार नाही, त्यांना वाईट वाटेल. मी जाणार, आणि जिथे ते बसतील तिथे माझीही शर्यत संपेल. तुला आधी सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तू चिडणार नाहीस.

प्रमिलाला हे सगळं मी कळवलंय, म्हणजे मी शेवटापर्यंत पळेन अशी आशा तिने ठेवू नये.

लोभ आहे तसा असू दे, याहून मोठं मागत नाही.

तुझा,
नाना

*

दोंडाईचा
९ डिसेंबर १९८७

चि. कु. पुष्पा हीस,
तोतारामचे आशीर्वाद वि. वि.

तू मला लग्नात पाहिलं असशील, भिंतीकडे तोंड करून बसलेला तो मीच. मला पत्र लिहायची सवय आडतीच्या कामापुरती, तेव्हा गोड लिहिता येणार नाही. सुकदेवरावांचे पाय आणि हात दोन्ही सध्या कामाचे नाहीत म्हणून मी लिहितो.

मी पुण्याला पळायलाच निघालो होतो. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी बदाम खात बसलो होतो. प्रमिला चहा घेऊन आली. ही पोर आमच्या घरात आल्यापासून माझ्यासमोर हो आणि नाही एवढंच बोललेली. ती कप ठेवून गेली नाही, उभी राहिली. आबा, माझे वडील तुमच्या पुढे कधी जाणार नाहीत, तुम्ही बसलात की तेही बसतील, आणि या वेळी बसले तर पुन्हा कशासाठीच उठणार नाहीत, असं म्हणाली. मध्ये थांबली नाही, बोलली पूर्ण. मग कप न घेताच आत गेली.

मी चहा पिऊन टाकला, बदाम तसेच ठेवले. शिंदखेड्याच्या रस्त्यावर तो माणूस मागे-पुढे का करत होता हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत होतं. पण मान घ्यायची सवय लागलेली असते, सोडवत नाही. चड्डी मी दोरीवरच ठेवली आणि धोतर-कोट घालून पुण्याला गेलो. सुकदेवरावांना सांगितलं, की माझी पोटरी बरी नाही, तुम्ही व्हा पुढे, मी शेवटाला उभा राहतो. त्यांनी माझे पायच धरले. मग पोटरी कशी आहे ते विचारत बसले.

शेवटच्या पट्टीशी मी सकाळपासून उभा. मोठे मोठे पळणारे आले, गेले. ऊन चढलं. मांडववाले बांबू सोडायला लागले, तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो. माझे व्याही यायचे आहेत म्हटल्यावर त्यांनी एक बाजू तशीच ठेवली. आणि ते आले. सदरा भिजलेला, तोंड काळं पडलेलं, एक पाय ओढत, पण पळतच होते. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी टोपी काढून हलवायला लागलो.

तिथे माझी चूक झाली. हलवता हलवता मी पट्टीच्या तोंडाशी, त्यांच्या वाटेतच जाऊन उभा राहिलो होतो. त्यांनी मला पाहिलं आणि पट्टीच्या चार पावलं अलीकडे थांबले. हात जोडले आणि आधी तुम्ही, अशी खूण केली! पुण्याचे लोक ओरडायला लागले, की काका, पळा, संपलं, थांबलात काय. ते हलेनात. इतक्या लांबून आलेला माणूस माझ्यासाठी चार पावलांवर उभा. पाय थरथरत होते, अजून थोडे थांबले असते तर तिथेच पडले असते.

मी धोतर सावरून त्यांच्या बाजूने वळसा घातला आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पाठीवर हात ठेवला. चाला सुकदेवराव, मी मांगे शे, एवढंच म्हणालो. मुलाचा बाप होऊन मी मुलीच्या बापाच्या मागे चाललो, आणि कोणाचंही काही बिघडलं नाही. ते पट्टी ओलांडून गेले. पलीकडे गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं, मी खरोखर मागेच आहे का म्हणून. मग जमिनीवर बसून रडले, आणि मीही थोडासा.

येताना गाडीत मी त्यांना खिडकीशी बसवलं. झोपेत ते भिंत, भिंत असं काहीतरी बडबडत होते. ती कसली भिंत ते मला कळलं नाही, तुला माहीत असेल तर कळव. प्रमिलाला आठ दिवस माहेरी पाठवतो आहे. बापाचे पाय चेपायला, असं घरात सांगितलंय.

ता. क. एक काम आहे. पुढल्या वर्षीच्या आमच्या अर्ध्या मॅरेथॉनसाठी मलाही एक तक्ता करून पाठव, आणि हे सुकदेवरावांना कळू देऊ नकोस. त्यांच्या मागे पळायचं म्हटलं तर आतापासून तयारी नको का?

कळावे. लोभ आहेच, तो आमच्याही घराकडे वळवावा.

तुझ्या नानांचा व्याही,
तोताराम